भुवईतली सोडलेली जागा

१

"ती ज्याची बाहुली करते ना, तो माणूस मग..."

काकूंच्या कानावर पडलं ते एवढंच. त्या इस्त्रीच्या दुकानाची शेवटची पायरी चढत होत्या, हातात चादरींचं बोचकं होतं, आणि नेमकी चप्पल वाजली. इस्त्रीवालीनं मान वर केली, काकूंना बघितलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत असलेलं वाक्य तिथंच गिळून टाकलं. मग एका पँटीच्या पायावर उगाचच भस्सकन वाफ सोडली.

"कोणाची गं बाहुली?" बोचकं खाली ठेवायच्या आत काकूंनी विचारलं.

"कुठं काय. चादरी किती आहेत?"

काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, त्यामुळे लोक त्यांच्यासमोर तीळच काढत नसत. काकूंना त्याचं वाईट वाटायचं. त्या काही कुणाचं वाईट चिंतून चौकशी करत नव्हत्या. कुणाकडे आजारपण आहे, कुणाची पोर नापास झाली, हे कळलं तरच माणूस डबा घेऊन जाऊ शकतो, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

अर्धं वाक्य घेऊन त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं काढून घ्यायला गेल्या, तर शटर खाली. त्यावर खडूनं लिहिलेलं: मुलीचं बाळंतपण. दुकान बंद.

"माणूस मग काय?" त्यांनी घरी येऊन काकांना विचारलं. "बाहुली केली की माणूस मग काय होतो?"

"इस्त्री होऊन येतो," काका पेपरामागून म्हणाले.

२

बाहुलीवाली म्हणजे समोरच्या दारातली. सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेली, पस्तिशीची, अंगानं काटकुळी. तिच्याकडे रोज लहान लहान खोकी यायची आणि रोज जायची. जिन्यात नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास असायचा, पण तिची नखं कायम कोरी. हे कोडं काकूंना किती दिवस पुरणार? एके दुपारी घरातला साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असताना त्या रिकामी वाटी घेऊन समोर गेल्या.

बाहुलीवालीनं दार उघडलं, काकूंच्या पायांकडे बघितलं, मग म्हणाली, "काकू ना? या."

किती मर्यादशील मुलगी, काकूंना वाटलं. आजकाल कोण मान खाली घालून बोलतं.

खिडकीपाशी टेबल होतं, त्यावर वाकड्या मानेचा दिवा. भिंतीवरच्या फळीत पेन्सिली उभ्या केलेल्या आणि प्रत्येक पेन्सिलीच्या टोकावर एकेक मुंडकं खोचलेलं. धडं वेगळी, बुटाच्या खोक्यात. वीतभर उंचीच्या विकतच्या बाहुल्या, सगळ्यांना कारखान्यातलं तेच एक हसू. बाहुलीवालीनं कापसाचा बोळा औषधात बुडवला आणि एका मुंडक्यावरून तीनदा फिरवला. आधी ओठ गेले, मग डोळे. मागे राहिला तो नाकाचा उंचवटा आणि गुळगुळीत गुलाबी तोंड.

"आधी हिचा होता तो काढायचा," ती म्हणाली. "मग दुसरा बसवायचा."

बसवायचा म्हणजे केसाएवढ्या टोकाच्या रंगीत पेन्सिलीनं काढायचा. दोन रेघा ओढायच्या, वर फवारा मारायचा, वाळू द्यायचं, पुन्हा दोन रेघा. डोक्यावरचे केस उपटून सुईनं नवे ओवायचे. आठ दिवसांत त्या प्लॅस्टिकमधून कुणीतरी बाहेर यायचं. एखादी नटी, एखादी गायिका, मालिकेतली वकीलबाई, गोष्टीतली राजकन्या. लोक लांबून मागवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवायचे.

काकूंनी एक तयार बाहुली उचलून उलटीपालटी केली. "ही कॉलर कुणी शिवली?"

"मी."

"मेली वाकडी आहे. दे इकडे."

काकूंनी तीस वर्षं शिवणकाम केलं होतं. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पडदे. त्यांच्या घरातून वाकडी शिवण बाहेर गेली नव्हती. बसमध्ये पुढच्या बाईच्या पाठीवर सुटलेला दोरा दिसला तरी त्या तो दातानं तोडायच्या बेताला यायच्या. त्या दिवसापासून बाहुल्यांचे कपडे काकूंकडे आले. साखर आणायची राहिली ती राहिलीच.

३

कपडे शिवता शिवता काकू अर्ध्या वाक्याचा विचार करायच्या. माणूस मग काय? इमारतीच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मरत असेल." त्याला सगळ्याच प्रश्नांचं तेवढंच एक उत्तर येत होतं.

पण वकीलबाई मेल्या नव्हत्या. बाहुलीवालीनं त्यांच्या एकतीस बाहुल्या केल्या होत्या आणि त्या रोज साडेसातला कोर्टात उभ्या राहून साक्षीदारांची फेफे उडवत होत्या. वजनही वाढलं होतं. पेपरात त्यांचा हसरा फोटो होता. म्हणजे अफवा खोटी. काकूंना थोडंसं हायसं वाटलं, थोडीशी निराशाही झाली.

एका दुपारी त्यांनी बाहुलीवालीला चहाला बोलावलं. मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागला होता. पडदाभर वकीलबाईंचा चेहरा आला.

"बघ, तुझी बाई आली," काकू म्हणाल्या.

"कुठली?"

"अगं, हीच की. एकतीस केल्यास."

बाहुलीवाली कप हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. आपण दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघताना नवरदेवाच्या आत्याकडे बघतो, तसं. "हो का," ती म्हणाली. मग वकीलबाई बोलल्या. बाहुलीवालीनं मान डोलावली. "हां. हीच."

काकूंनी रात्रीच्या जेवणाआधी ते काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मिठाईवाल्याला मिठाई दिसते का कधी? तसंच आहे ते." काकूंना ते पटलं. पण तेव्हापासून त्यांच्या लक्षात यायला लागलं की एकतीस वेळा काढलेल्या चेहऱ्याच्या एकेका पापणीसाठी बाहुलीवाली समोरचा फोटो बघते. एक पापणी, एकदा फोटो. एक पापणी, एकदा फोटो. काकूंना तर बटणाचं काज तिसऱ्या वेळेपासून डोळे मिटून करता यायचं.

४

रविवारी अकरा वाजता तिच्याकडे एक माणूस यायचा. हातात भाजीची पिशवी. बेल वाजवायचा आणि दार उघडायच्या आधीच म्हणायचा, "मी आहे." तासभर बसायचा आणि जायचा. नवरा असावा, वेगळे राहत असावेत, एवढं काकूंनी दाराच्या भोकातून जुळवलं होतं. कधीही बघा, अंगात लाल चौकडीचा तोच शर्ट. काकूंना कळवळा आला. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "कापड आणून द्या, मी शिवून देते दुसरा. शिलाई नको."

तो म्हणाला, "नको काकू. दुसरा घातला की ती घरात घेत नाही."

काकू हसल्या. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात एक वकीलबाई खोक्यात जायला निघाली होती. काकूंनी काळ्या डगल्याची शेवटची टीप घातली आणि बाहुली उजेडात धरली. "अगं, खळी राहिली. डाव्या गालावरची."

"राहू दे."

"राहू दे काय? बाईंची ओळखच ती."

"सगळ्यांना एक जागा सोडते मी, काकू. कुणाला कळत नाही."

"मला कळलं ना."

"तुम्ही शिवणकाम करता." तिनं बाहुली काढून घेतली आणि पातळ कागदात गुंडाळायला लागली. "पुरं करायचं नसतं. एकदा केलं होतं."

"मग?"

तिनं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कपाटाकडे बघितलं. "कात्री द्या जरा," ती म्हणाली.

एरवी काकूंनी आणखी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांनी कात्री दिली.

५

काकूंना एकच लेक. नाव होतं तसं शाळेच्या दाखल्यावर, पण लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. चार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात नर्स म्हणून गेली. रविवारी फोन यायचा, वॉर्डाच्या बोळातून, नुसता आवाज. मागे कुणाचं तरी यंत्र टिक टिक करत असायचं. येते म्हणून तीनदा सांगितलं आणि तीनदा सुट्टी रद्द झाली. पहिल्यांदा काकू दोन दिवस रडल्या. दुसऱ्यांदा एक संध्याकाळ. तिसऱ्यांदा त्यांनी फोन ठेवला आणि हातातला पडदा पुरा केला.

काहीच वाटलं नाही. आणि हे काही न वाटणंच काकूंना जड जायला लागलं. चहा केला की केला, जेवले की जेवले. शेजारच्या जिन्यातली म्हातारी वारली तेव्हा काकू सगळ्यात आधी पोचल्या, सगळं बघितलं, सगळ्यांना पाणी दिलं, आणि घरी येऊन लक्षात आलं की आपण तिथं एखाद्या खुर्चीसारख्या होतो. डोळ्यांसमोर लेक असती तर असं झालं नसतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. निदान लेकीसारखं काहीतरी.

"माझ्या भिंगरीची कर," त्या बाहुलीवालीला म्हणाल्या.

"नाही, काकू."

"का? ती टीव्हीवर नाही म्हणून?"

"हो. म्हणूनच."

"विकायची नाही गं. मलाच हवी."

"वकीलबाईंचा चेहरा किती लोकांच्या डोक्यात आहे? लाखोंच्या. त्यातला एखादा गेला तर कुणाला कळतं?" बाहुलीवालीनं पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्या लेकीचा किती जणांकडे आहे?"

काकूंना हे बोलणं काही उमगलं नाही. भाव वाढवायचं नवं तंत्र असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी संप पुकारला. कॉलरी तुझ्या तूच शिव म्हणाल्या. पंधरा दिवस समोरच्या दारातून वाकड्या कॉलरींच्या बाहुल्या जात राहिल्या आणि काकू त्या दाराच्या भोकातून बघून दात खात राहिल्या. सोळाव्या दिवशी बाहुलीवालीच वाजवत आली.

"एक अट आहे. मी देईन तशीच ठेवायची."

"ठेवीन."

"हात लावायचा नाही."

"अगं, ठेवीन म्हटलं ना," काकू म्हणाल्या, आणि आधीच काढून ठेवलेला अल्बम तिच्या हातात दिला.

६

बाहुली आली तेव्हा काकूंच्या छातीत धडधडलं. किती दिवसांनी. नाकाचा शेंडा तसाच जरा वर. उजवी पापणी डावीपेक्षा आळशी. खालचा ओठ आत ओढलेला, आता काहीतरी उलट उत्तर येणार असं वाटावं.

"अगदी तीच," काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. "खूण राहिली एवढीच."

खूण म्हणजे डाव्या भुवईतली. तीन वर्षांची असताना भिंगरी पलंगावर गोल गोल फिरत होती आणि शिवणयंत्राच्या पायट्यावर येऊन आदळली. काकू तेव्हा घाईत होत्या, चाळीस गणवेश द्यायचे होते, पोरीला दोनदा ओरडल्या होत्या पण उठल्या नव्हत्या. तीन टाके पडले. तिथं भुवईचे केस पुन्हा आले नाहीत, तांदळाएवढी जागा मोकळी राहिली. बाहुलीची भुवई मात्र सलग होती.

"बाहुलीला कशाला टाके? पडू दे," काका म्हणाले. "आणि जेवायला वाढू नकोस तिला, एवढंच माझं म्हणणं."

बाहुली टीव्हीवर बसली. काकूंनी अकरा दिवस कळ काढली. धूळ झटकताना भुवई. दिवा लावताना भुवई. उसवलेली शिवण समोर ठेवायची आणि सुईदोरा जवळ असून बघत बसायचं, असं झालं. बाराव्या दिवशी शिवलेले डगले पोचवायला त्या समोर गेल्या तेव्हा पिशवीत बाहुलीही होती. का घेतली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

खालून पार्सलवाल्यानं हाक मारली. सही हवी होती. बाहुलीवाली चप्पल घालून उतरली.

काकूंनी बाहुली काढली. अंगाच्या रंगाची पेन्सिल कुठली ते त्यांना माहीत होतं, त्या खोलीतलं सगळंच आता माहीत होतं. श्वास रोखून त्यांनी भुवईतून एक तिरपी रेघ ओढली. वर तिला लागून दुसरी. फवाऱ्याचा डबा हलवला, आत गोटी टक टक वाजली, आणि हात लांब धरून एकदाच फुस्स केलं.

काहीच झालं नाही. खाली एक स्कूटर सुरू होत नव्हती ती सुरू झाली. काकूंनी भुवईवर हळूच फुंकर घातली. आता कुठं तयार झाली, त्यांना वाटलं.

७

बाहुलीवाली खोकी घेऊन दारात आली. आज तिनं काकूंच्या पायांकडे बघितलं नाही. दारातूनच तिनं बाहुली बघितली आणि खोकी खाली ठेवली.

"लावलीत," ती म्हणाली.

"किती शोभते बघ."

तिनं फळीवरचा अल्बम काढला. परत करायचा राहिला होता. शाळेच्या फोटोचं पान उघडून तिनं तो काकूंपुढे धरला. चाळीस मुली, एकाच कापडाचे गणवेश, काकूंनीच शिवलेले.

"यातली तुमची कुठली?"

"ही काय, दुसरी रांग, डावीकडून चौथी." काकूंचं बोट सवयीनं गेलं आणि तिथं थांबलं.

बोटाखाली एक मुलगी होती. दोन वेण्या, रिबिनी. काकूंनी बोट पाचवीवर नेलं. मग तिसरीवर. मग पुन्हा चौथीवर आणलं, कारण जागा तीच होती. चौथी मुलगी काकूंकडे बघत होती, तशी पाचवीही बघत होती.

"थांब, हा जुना चष्मा आहे," काकू म्हणाल्या. नव्हता.

त्यांनी पान उलटलं. वाढदिवस. झोपाळा. पहिला सायकलचा दिवस. निळा फ्रॉक, त्याच्या छातीवर चुण्यांची नक्षी, तीन रात्री लागल्या होत्या. पिवळा, त्याला खिसे. मांजरपाटाचा घरात घालायचा, त्याचा घेर एकदा उलगडून वाढवलेला. फ्रॉक सगळे ओळखू आले. एकूण एक.

"आता हिच्याकडे बघा," बाहुलीवाली म्हणाली.

काकूंनी बाहुलीकडे बघितलं. भिंगरी होती. सगळीच्या सगळी, ओठ आत ओढून.

पुन्हा अल्बम. कुणीतरी मुलगी, सायकलवर.

"पुसते मी ते," काकूंनी कापूस उचलला. बाहुलीवालीनं त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, नाडी बघावी तसं.

"पुसलं तर बाहुलीवरचा चेहराही जाईल."

"तुला काय माहीत?"

तिनं पत्र्याचं कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत चार फळ्या होत्या आणि चारही फळ्यांवर पुरुष बसलेले. वीतवीतभराचे, चाळीस-पन्नास असतील. सगळ्यांच्या अंगात लाल चौकडीचा शर्ट. काहींना मिशी होती, काहींना नव्हती. कुणाचं कपाळ रुंद, कुणाचे गाल बसलेले, कुणाचे डोळे जवळ जवळ. एकसारखे दोन नव्हते. अगदी वरच्या फळीवर कोपऱ्यात एकाला चेहराच नव्हता, पुसून टाकलेला.

"तुम्ही बघता ना त्याला रविवारी," बाहुलीवाली म्हणाली. "यातला कुठला जवळचा आहे, सांगता?"

काकूंनी नीट बघितलं. चारही फळ्या. रविवारच्या त्या माणसाचा चेहरा त्यांना लख्ख आठवत होता. तसा तिथं एकही नव्हता.

"तो, तिसऱ्या फळीवरचा," काकू म्हणाल्या. "नाक बरंच तसं आहे."

"हो?" बाहुलीवालीनं तो बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. काकू निघाल्या तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती.

८

डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नंबर आहे तोच आहे. काकूंनी स्वतःची परीक्षा घेतली. काका ओळखू येत होते. भाजीवाली येत होती. वकीलबाई येत होत्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेली आई डोळे मिटले की यायची, कपाळावरच्या आठ्यांसकट. म्हणजे डोक्यात बिघाड म्हणावा तर तो एवढा नेमका कसा? शिंप्यानं टाचणी लावून एकच टाका उसवावा तसा.

काकांना त्या काही बोलल्या नाहीत. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता त्या बाईनं एवढं मोठं गाठोडं गिळलं आणि तिला जेवणही गेलं.

टीव्हीपासून दारापर्यंत सात पावलं होती. काकू बाहुलीकडे टक लावून बघायच्या, मग डोळे मिटून दाराकडे निघायच्या. पाचव्या पावलाला चेहरा सुटायचा. काका बाहेर गेले की त्या दहा दहा वेळा हे करायच्या. कधी सहावं पाऊल गाठलं नाही.

रविवारी फोन आला. आवाज तिचाच होता, त्याला काही झालं नव्हतं. "आई, सुट्टी मिळाली. खरंच मिळाली. गुरुवारी पोचते. एक मैत्रीण आहे बरोबर, दोन दिवस राहून पुढं जाईल."

"ये," काकू म्हणाल्या.

"बस? एवढंच? चार वर्षांनी येतेय मी."

"अगं, आनंदानं काही सुचत नाही."

"तुला आणि सुचत नाही? बाबांना दे फोन. तू बरी आहेस ना विचारते."

काकांनी फोन घेतला आणि हसायला लागले. काकू स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. भुवईवरून कळेल, त्यांनी मनाशी ठरवलं. फोटोत दिसत नसेल, लहान आहेत फोटो. समोर उभी राहिल्यावर तांदळाएवढी जागा दिसणारच. ती काय चेहरा आहे? ती तर खूण आहे.

९

गुरुवारी तीन वाजता गाडी खाली लागली. काका सामान बघायला उतरले. लिफ्ट लहान, माणसं आली तर बॅगा येत नाहीत, म्हणून त्यांनी आधी मुलींना वर पाठवलं.

काकू दारात उभ्या होत्या. लिफ्टचं दार सरकलं आणि दोघी बाहेर आल्या.

दोघींच्या अंगात लांब कोट होते. दोघींचे केस मागे बांधलेले, दोघी प्रवासानं आंबलेल्या. दोघी काकूंकडे बघून हसत होत्या. एक हसत होती ती आई आता धावत येणार म्हणून, दुसरी हसत होती ती रीत म्हणून. कुठली कुठल्यासाठी, ते काकूंना दिसत नव्हतं. डोळे होते, नाकं होती, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि ते मिळून कुणीच होत नव्हतं.

काकूंनी भुवया बघितल्या. डावीकडच्या मुलीची भुवई सलग होती.

उजवीकडच्या मुलीची भुवई सलग होती.

कुणीतरी बोला गं, काकूंच्या मनात आलं. एक शब्द. पण दोघी नुसत्या हसत उभ्या. आणखी थांबलं तर कळेल. काकू पुढं झाल्या आणि त्यांनी डावीकडच्या मुलीला कवटाळलं.

मिठीतली पाठ ताठ झाली. अनोळखी साबणाचा वास आला.

"आई?" उजवीकडून आवाज आला.

काकूंनी मिठी सोडली नाही. त्या मुलीच्या खांद्यावरून म्हणाल्या, "पाहुण्याला आधी. घरच्यांचं काय, त्या आहेतच."

भिंगरी हसली. जरा उशिरा हसली. "बघ, मी सांगितलं नव्हतं? अशीच आहे आमची आई," ती मैत्रिणीला म्हणाली. मग आईच्या गळ्यात पडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्याची हाडं हाताला लागली. ती ओळखीची वाटली की नाही हे काकूंना सांगता आलं नसतं.

काका बॅगा ओढत आले. त्यांनी बॅगा सोडल्या, सरळ लेकीजवळ गेले आणि तिच्या डाव्या भुवईवर अंगठा फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा. "टाके आहेत की गं अजून जागेवर," ते म्हणाले.

काकू पुढं वाकून त्यांच्या अंगठ्याखाली बघत होत्या. एका ओळीत केस होते. एकही कमी नाही. कारखान्यातून आल्यासारखे.

मग सगळे आत आले. मुलीनं टीव्हीवरची बाहुली बघितली, हातात घेतली, स्वतःच्या गालाला लावून म्हणाली, "बाबा, मी अशी दिसते?" काका म्हणाले, अगदी अशीच. काकू चहाचा ट्रे धरून समोर उभ्या होत्या. गालाला गाल लावलेल्या त्या दोघींतली एकच त्यांच्या ओळखीची होती.

चहा सांडला नाही. काकूंना रडूही आलं नाही. त्यांनी बिस्किटं मांडली, मैत्रिणीला आंघोळीचं पाणी काढून दिलं, पलंगावर धुतलेली चादर घातली. दिवसभर त्या लेकीला काही ना काही विचारत राहिल्या, म्हणजे ती बोलत राहील आणि दोघींतली कुठली ते कळत राहील. लेकीला वाटलं, आई बदलली नाही. अजून तेवढ्याच चौकशा करते.

१०

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं दुकान उघडं दिसलं. काकू प्रवासातले चुरगळलेले कपडे घेऊन निघाल्या. लेक म्हणाली, मी देऊन येते. काकू म्हणाल्या, तू बस. घरातून जरा बाहेर पडायचं होतं.

इस्त्रीवालीला नात झाली होती. ते सगळं बोलून झालं. नातीचं वजन, सासूसारखी वागणारी विहीण, मुलीचे पाय सुजले होते ते. काकूंनी सगळं विचारलं आणि सगळं ऐकलं.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू काय म्हणत होतीस? ज्याची बाहुली करते तो माणूस मग..."

"अजून तेच धरून बसलात?" इस्त्रीवाली हसली. "माझ्या नणंदेनं कुठंतरी ऐकलेलं. ज्याची केली तो माणूस मग परत घरी येत नाही म्हणे. म्हणून तेव्हा तुम्हाला बोलले नाही. तुमची लेक लांब, उगाच तुमच्या जिवाला घोर."

"असं होय."

"लोकांना काय उद्योग. तुम्ही तर लेकीची बाहुली करून टीव्हीवर ठेवलीत, सगळी इमारत सांगते. आणि काल तुमची पोर आली. मी इथून बघितली की, गाडीतून उतरताना. म्हणजे खोटंच."

"खोटंच," काकू म्हणाल्या. "तिला काहीसुद्धा झालेलं नाही. ठणठणीत आहे. यांच्या तर गळ्यातच पडली."

इस्त्रीवालीनं बोचक्यातला एक कुडता काढला, झटकला आणि फळीवर पसरला. पाण्याचा हबका मारला. इस्त्री बाहीवरून खाली गेली, पुन्हा वर आली.

"चार वर्षं म्हणजे थोडी नाहीत," ती म्हणाली. "मी लांबून बघितली, मला काही नीट दिसलं नाही. कशी दिसते हो आता?"

काकू कुडत्याकडे बघत होत्या. काखेपासून कमरेपर्यंत शिवण सरळ होती, यंत्रावर घातलेली.

"कमरेत दोन इंच उतरली आहे," त्या म्हणाल्या. "खांदे तेवढेच आहेत."